‘वायना’ कुणाच्या हाती जावा

मी, अन्नम्मा पैली, वय ७६, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार इरिंजालकुडा, जिल्हा त्रिशूर, हे मृत्युपत्र स्वबुद्धीने, कुणाच्याही धाकाविना लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा डेव्हिस याला त्याबद्दल शंका आहे.

१. घर, नारळाची बाग व बँकेतील ठेवी डेव्हिसला. याबाबत वाद नाही.

२. माझे यजमान पैली यांची दृष्टी गेली तेव्हा मल्याळम मजकूर मोठ्याने वाचणारा ‘वायना’ (म्हणजे वाचन) हा प्रोग्रॅम मी लिहिला. ते म्हणायचे, “तुझ्यापेक्षा हा बरा गं, वाचताना मधेच भांडत नाही.” पुढे मी तो सर्वांना खुला केला. कुणीही घ्यावा, उघडून पाहावा, बदलावा. मात्र बदललेलाही खुलाच ठेवावा. आजवर एकशे बारा जणांनी त्यात भर घातली. अंधशाळांपासून आखातातल्या फोनपर्यंत तो बोलतो. मला त्याचा गर्व आहे.

३. एका कंपनीला ‘वायना’चे नाव व माझे हक्क विकत हवेत. पुढची आवृत्ती कुलूपबंद करून अंधांकडून दरमहा वर्गणी घ्यायची आहे. डेव्हिस म्हणाला, “अम्मच्ची, फुकट वाटून तुला काय मिळालं? कर की सही!” मी केली नाही. माझ्या पश्चात तो करील, म्हणून हा खटाटोप.

४. मलप्पुरमच्या सुबैरने अकरा वर्षांपूर्वी पाठवलेली दुरुस्ती मी न वाचताच फेटाळली. ती बरोबर होती. त्याने ‘वायना’ची प्रत घेऊन वेगळी चूल मांडली, आणि मी सर्वांना जाणाऱ्या मेलमध्ये त्याला चोर म्हटले. त्याचे उत्तर सर्वांनी वाचले: “टीचर, घ्यायची परवानगी तुम्हीच दिलीत. आता तुम्ही अडून बसलात म्हणून आम्हीही बसायचं का?” तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. पण ज्याने मला जुमानले नाही, तो कंपनीला काय भीक घालणार! म्हणून ‘वायना’चे नाव, माझे सर्व हक्क व नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचे पासवर्ड मी सुबैरला देते. चोर हा शब्द मागे घेते. माफी मागत नाही. त्याचीही जीभ काही कमी नाही.

५. डेव्हिसला ‘वायना’तून वगळले असे कुणी म्हणू नये. अख्खा प्रोग्रॅम त्याला आजच, कोर्टाची पायरी न चढता, मिळेल. जेवढा जगाचा, तेवढाच त्याचा.

दोन्ही साक्षीदारांसमक्ष मी सही केली व त्यांनी माझ्यासमक्ष.

(सही) अन्नम्मा पैली

साक्षीदार:
१. डॉ. श्रीदेवी वारियर
२. कोच्चप्पन लोनप्पन, निवृत्त पोस्टमास्तर

इरिंजालकुडा, ९ जानेवारी २०२३