आमसुलांच्या बरणीमागची डबी

रत्नागिरी,
सोमवार, ३ मार्च २०२५

प्रिय मृणाली,

सकाळी साडेसहाला नळाला पाणी आलं. टाकी भरली, चहा घेतला. दहाच्या सुमारास बाजारात जाऊन आलो. मासे घेतले नाहीत, एकट्यासाठी साफ करायचा कंटाळा येतो. आमटीत टाकायला आमसुलं हवी होती म्हणून वरच्या फळीवर हात घातला, तर बरणीच्या मागे तू आईला दिलेली पत्र्याची डबी सापडली. झाकणावर तुझ्या अक्षरात 'आईसाठी' लिहिलेलं आहे. आमटी तशीच राहिली आणि मी लिहायला बसलो. फोनवर मी जेवलो, बरा आहे, यापलीकडे काही बोलत नाही, हे तुला ठाऊकच आहे.

तू गेल्या श्रावणात आली होतीस तेव्हा ती डबी आणलीस. खोबरेल, मेण, आरारूट आणि खायचा सोडा, एवढंच यात आहे म्हणालीस. बाजारचा स्प्रे बंद कर, हे काखेत लाव. पहिले तीन-चार आठवडे घामाचा वास येईल, मग अंग सरावेल. आई हसून म्हणाली, "तीन आठवडे? तुझे बाबा मला पडवीत झोपायला लावतील गो." तू हसलीस. मी पेपर वाचत होतो, तो वाचतच राहिलो.

आईच्या तेराव्याला सगळे गेल्यावर तू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होतीस. म्हणालीस, "बाबा, आईला मी शेवटचं काही हाताने करून दिलं, तेही तिला बाधलं. पुरळ उठलं तिला. आता मी ते कुणालाच करून देणार नाही." तिचं हृदय बंद पडलं, त्याचा त्या मलमाशी काही संबंध नव्हता, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तुलाही ते पटलं होतं. पण पुरळाचं तुझ्या मनातून जात नव्हतं. मी तुझ्यासाठी पाणी आणतो म्हणून माजघरात गेलो. पाण्याचा माठ तुझ्या शेजारीच होता.

तुला माहीत नसलेली एक गोष्ट आधी सांगतो. लग्नानंतर आई मिरजोळ्याला कोळंबी सोलायच्या कंपनीत जायची. बर्फाच्या पाण्यात आठ तास हात. घरी आली की लिंबू चोळायची, बेसन लावायची, तरी वास जायचा नाही. आमच्या एसटी डेपोतल्या एका साहेबांच्या मुलाचं लग्न होतं. तिने नवं पातळ नेसलं, गजरा माळला, आणि निघताना मी म्हणालो, तुझ्या अंगाला कोळंबीचा वास येतो, तू मागच्या रांगेत बस. ती बसली. दुसऱ्या दिवशी तिने पहिली स्प्रेची बाटली आणली. तेव्हापासून तिने स्प्रे मारल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही. कंपनी सोडून अकरा वर्षं झाली तरी नाही. तिला सुवासाची हौस आहे असं तू मैत्रिणींना सांगायचीस. मी ऐकायचो.

तुझं मलम मात्र तिने मनावर घेतलं. स्प्रेची बाटली कपाटाच्या खालच्या खणात टाकली. आंघोळीनंतर बोटभर मलम घ्यायची, ते विरघळेपर्यंत दोन बोटांत चोळायची, मग लावायची. औषधासारखं वेळच्या वेळी. वास येत होता, खोटं कशाला सांगू. शेजारच्या चिमाकाकी दारातूनच म्हणाल्या, "राजश्री, साबण संपला काय गो?" आई म्हणाली, "साबण तोच आहे काकी, मीच जरा नवी आहे." असं उत्तर तिने आधी कधी कुणाला दिलं नव्हतं. त्या दिवसांत ती मोठ्याने बोलायची. भांडी घासताना गुणगुणायची. तिसऱ्या आठवड्यात वास कमी होत आला होता. घाम होता, पण त्याच्याखाली दुसरंच काही होतं, भिजवलेल्या तांदळासारखं. इतक्या वर्षांत ते माझ्या नाकाला कधी लागलं नव्हतं, कारण तिनेच ते लागू दिलं नव्हतं. मी तसं तिला बोललो नाही.

ती गेल्यावर दहाव्या दिवशी सुतक फेडायला घर धुऊन काढलं. रीतीप्रमाणे कपडे, पांघरुणं, उशांचे अभ्रे, सगळं धुवायचं. चादरींची गाठोडी मीच बांधून दिली. तिच्या उशीचा अभ्रा राहून गेला होता, तोही मीच काढून दिला. काही राहायला नको, असं त्या वेळी वाटलं. संध्याकाळी दोरीवर सगळं वाळत होतं आणि घरभर साबणाचा वास होता. पुढे महिनाभराने तिचं कपाट उघडलं. एकाही पातळाला तिचा वास नाही. मग खालच्या खणातली बाटली काढून हवेत मारली. तो वास बाजारात भेटणाऱ्या कुठल्याही बाईचा होता.

आता पुरळाचं. मृणाली, तिला पुरळ उठलंच नव्हतं. गणपतीला तू सासरी होतीस. चतुर्थीच्या सकाळी मुंबईचा माझा चुलतभाऊ निलेश आणि त्याची मंडळी हातखंब्याला हायवेवर उतरली, रिक्षात बसलोय असा फोन आला. आई पहाटे चारपासून मोदकांना बसली होती. पदराने तोंड पुसत बाहेर आली आणि मी हळू आवाजात म्हणालो, ते यायच्या आत स्प्रे मारून ये, पुन्हा कोळंबीवाली वाटायला नको. ती आत गेली. बंद दाराआडून स्प्रेचा आवाज आला, बराच वेळ. दोन दिवसांनी तू फोन करून मलमाचं विचारलंस, तेव्हा ती माझ्यासमोरच म्हणाली, "पुरळ उठलं गो, माझी कातडीच नाजूक." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी सुपारी कातरत होतो, कातरतच राहिलो. तिने मला सांभाळून घेतलं आणि त्याचा भार तुझ्यावर पडला. ती होती तेव्हा मी बोललो नाही, तेराव्याला तू रडत होतीस तेव्हाही नाही. तुझ्या हाताचं काही बाधलेलं नाही, बाळा. तू पुन्हा करायला लाग, ज्यांना हवं त्यांना दे. डबी अजून अर्धीअधिक भरलेली आहे. मधोमध तिच्या बोटाचा खळगा तसाच आहे. ऊन वाढतंय, चार दिवसांत तो विरघळून जाईल, म्हणून डबी फ्रिजमध्ये ठेवतोय. हे लिहून झाल्यावर आंघोळ करून आलो आणि मग हा शेवट लिहितो आहे. खळग्याला धक्का न लावता कडेने बोटभर मलम घेतलं, दोन बोटांत चोळलं, लावलं, आणि सदरा घातला. आता पत्र टाकायला पोस्टात निघतो.

तुझाच,
बाबा