खिडकीखालचा आवाज

धाकट्या,

तुझा विभाग बंद करायच्या ठरावावर कुलगुरू म्हणून सही माझीच आहे. तेव्हापासून तू घरी येणं सोडलंस आणि रोज माझ्या ऑफिसच्या खिडकीखाली घोषणा द्यायला लागलास. "कुलगुरू, चालत्या व्हा!" यात तुझाच आवाज सगळ्यांत वर. शिपाई खिडकी लावायला येतो, मी लावू देत नाही.

आज तुझा आवाज आला नाही. मीटिंग सोडून दोनदा डोकावले. घसा बसला, की माझा नादच सोडलास?

हे पत्र पाठवलं, तर तुझेच लोक तुला फितूर म्हणतील. राहू दे ड्रॉवरमध्ये.

थकले रे. मिठाच्या गुळण्या कर. आणि मला हाकलायला का होईना, उद्या ये.

अजून खुर्चीतच असलेली,
तुझी ताई