सुनंदाला तुझ्याकडे पाठवते आहे

रावेर,
शुक्रवार, ७ जून १९९१

प्रिय वच्छलाअक्का,

नमस्कार. हे पत्र तुझ्या हातात देणारी बाई म्हणजे मंजुळाबाई, आणि तिच्यामागे उभी आहे ती तिची मुलगी सुनंदा. सकाळच्या गाडीने निघाल्या तरी शिरपूरला पोहोचेपर्यंत दुपार होईल. आधी त्यांना बसव, पाणी दे, न विचारता मोरी दाखव, आणि मग पुढचं वाच.

तुझा दमा कसा आहे? मागच्या पत्रात तू औषध बदलल्याचं लिहिलं होतंस, पण गुण आला की नाही ते लिहिलं नाहीस. माझे गुडघे आहेत तसेच. यंदा उन्हाने फार थकवलं. नोकरीची सहा वर्षं उरली आहेत आणि रोज सकाळी एस.टी.च्या पायरीवर पाय ठेवताना वाटतं, आजचा दिवस काढला की बास.

आता कामाचं. सुनंदाला नववीला शिरपूरच्या कन्याशाळेत घालायचं आहे. नववी तिची झालीच, म्हणजे वर्षभर ती वर्गात होती, पण मार्चमध्ये आजारी पडली आणि वार्षिक परीक्षा बुडाली. गणितात फार चांगली आहे. आई केळीच्या बागेत कामाला जाते, वडील झुलाल ट्रॅक्टर चालवतात. माणसं सरळ आहेत. मुलगी वर्षभर तुझ्याकडे राहील. भावजी गेल्यापासून घर खायला उठतं असं तू दिवाळीत म्हणाली होतीस, म्हणून विचारायचं धाडस केलं. घरकामाला हातभार लावेल, पण तिला कामवाली म्हणून ठेवू नकोस, एवढी विनंती.

तू विचारशील, इथे शाळा असताना एवढ्या लांब कशाला?

आमची शाळा गावाबाहेर रस्त्याला लागून आहे, तुला माहीत आहे. तू आली होतीस तेव्हा समोर मोकळं रान होतं. आता तिथे केळीच्या ट्रका भरतात. दिवसभर रांग असते. ड्रायव्हर, हमाल, त्यांच्यासाठी चहाची टपरी, पानाची टपरी. पोरींची मुतारी बरोबर त्या टपऱ्यांच्या समोर येते. तिचं पत्र्याचं दार दोन वर्षांपूर्वी वाऱ्याने उडालं, ते कुणी बसवलं नाही. पोरी जायच्या बंद झाल्या. घरून साडेदहाला निघायचं आणि साडेपाचनंतर घरी जाऊन मोरी गाठायची. तोवर पाण्याचा घोट घ्यायचा नाही. आपल्याकडच्या मार्चच्या उन्हात, अक्का.

हे मी आज लिहिते आहे. वर्षभर मला हे दिसत नव्हतं. मला दिसत होतं ते असं, की मधल्या सुट्टीनंतर पोरींचं लक्ष उडतं. चुळबुळ करतात, एकमेकींवर खेकसतात, डोकं दुखतं म्हणून बाकावर मान टाकतात. शेवटच्या दोन तासांना निम्म्या गायब. स्टाफरूममध्ये बोलणं व्हायचं, की हल्ली टीव्ही आला, व्हिडिओ आला, पोरी बिघडल्या. रतिलाल सर, आमचे मुख्याध्यापक, म्हणायचे, "बाई, तुम्ही एकट्या बाईमाणूस आहात स्टाफमध्ये. जरा कडक राहा." मी कडक राहिले.

सुनंदाच्या प्रगतिपुस्तकात जानेवारीत मी लिहिलं, 'वर्गात लक्ष नाही. उलट उत्तरे देते.' त्यावर झुलालने तिला मारलं, हे मला मागाहून कळलं.

स्टाफचा संडास आहे. त्याला कुलूप असतं, आणि एक किल्ली माझ्याकडे असायची. फेब्रुवारीत एकदा सुनंदा स्टाफरूमच्या दाराशी आली. म्हणाली, "बाई, किल्ली द्याल का? दोन मिनिटांत आणून देते." मी म्हटलं, "तुला दिली की उद्या चाळीस जणी येतील. आम्ही नाही का शिकलो? सोसायची सवय करावी मुलीच्या जातीने." ती वर्गात परत गेली. मला वाटलं, चांगलं समजावलं.

अक्का, आम्ही कसे शिकलो ते मला आठवायला नको होतं का? धुळ्याच्या शाळेत मागच्या भिंतीशी तू आडोशाला जुनी साडी धरून उभी राहायचीस आणि मला म्हणायचीस, "मी आहे, तू बस." तू आठवीत, मी पाचवीत. तुझा तास बुडायचा, छड्या खायचीस, पण कधी मला सांगितलं नाहीस. मी सोसलं नव्हतं. माझ्यासाठी तू सोसलं होतंस.

वर लिहिलं की ती मार्चमध्ये आजारी पडली. ते खरं आहे, पण ते नंतरचं.

अकरा मार्च, सोमवार. दुपारचा चौथा तास. सुनंदा उभी राहिली, "बाई, जाऊ का?" मी म्हटलं, बस. थोड्या वेळाने पुन्हा उभी राहिली. मी म्हटलं, गणित झाल्यावर. तिसऱ्यांदा उभी राहिली तेव्हा मला संताप आला. त्या दिवशी गाडी चुकली होती, ट्रकमधून आले होते, डोकं ठणकत होतं. ही कारणं नाहीत, नुसती सांगते. मी म्हटलं, "फार उभं राहायची हौस आहे ना? ये फळ्यापाशी. सोडव हे." ती आली. खडू घेतला. दोन पायऱ्या बरोबर लिहिल्या. तिसरी लिहिताना तिचा हात थांबला, आणि तिच्या परकरातून फरशीवर पाणी आलं.

आधी कुणालाच कळलं नाही. मग मागच्या बाकावरचं एक पोरगं हसलं आणि सगळा वर्ग हसला. पोरी हसल्या नाहीत. त्या खाली बघत होत्या.

मी काय केलं असेल? मी म्हटलं, "जा बाहेर."

ती तशीच घरी गेली, दप्तर टाकून. दोन दिवसांनी थंडी वाजून ताप आला. गावात सुया टोचून झाल्या, कुणी बाहेरचं झालं म्हणून उतारा टाकला, शेवटी जळगावला नेलं. अकरा दिवस दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाला सूज आहे, ही मुलगी पाणी पीत नाही का?

शाळेत मी एवढंच सांगितलं, की नववीची सुनंदा तापाने आजारी आहे.

एप्रिलमध्ये मी तिच्या घरी गेले. पहिल्यांदा ती आतून बाहेरच आली नाही. मंजुळाबाईने मला खाट टाकून दिली, चहा केला. तिला त्या दिवशीचं काही माहीत नव्हतं, मुलीने सांगितलं नव्हतं. ती आपली सहज बोलत होती, "काय सांगू व बाई, पोर शाळेतून आली का पयलं मोरीत पयते. दप्तर बी खाली ठेवत नही. मग तांब्याभर पानी एका दमात पिते. मी म्हने, शाळेत पानी नही का? तर म्हने, आहे ना." मी चहा तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी किल्ली रतिलाल सरांच्या टेबलावर ठेवली आणि कुलूप काढून आणलं. म्हटलं, आजपासून मुली जातील. ते म्हणाले, "बाई, संस्थेला विचारावं लागेल." मी म्हटलं, विचारा, तोवर उघडं राहील. वीस वर्षांत मी त्यांना असं काही बोलले नव्हते. कुलूप पुन्हा लागलं नाही. परीक्षेच्या आठवड्यात पोरींनी माठाशी रांग लावली. एकही पोर मान टाकून झोपली नाही की भांडली नाही. मी त्यांना वर्षभर उनाड म्हणत होते आणि त्या तहानलेल्या होत्या.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा सुनंदा बाहेर आली. खूप वाळली होती. मी म्हटलं, "माझं चुकलं गं." ती म्हणाली, "ते हसले तेव्हा तुम्ही त्यांना काहीच बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, जा बाहेर." मंजुळाबाई दारात उभी होती. तिने तेव्हा पहिल्यांदा सगळं ऐकलं. उंबऱ्यात खाली बसली फक्त.

त्या वर्गात सुनंदा आता येणार नाही. मीही तिला ये म्हणणार नाही. गावातली पोरं अजून तिला बघून फळ्यावर लिहिल्यासारखा हात करतात. झुलाल म्हणत होते, आखाजीचा सण झाला की लग्नासाठी पाहुणे बघू, पोर घरी बसून काय करणार. मंजुळाबाई त्यांना म्हणाली, "लगन करसाल ते बारावीनंतर. आता मही पोर शिकंन." तिचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. मग तिनेच मला विचारलं, बाई, तुमचं कोनी आहे का दूरच्या गावी? मला तू सोडून कुणी आठवलं नाही.

शाळा सोडल्याचा दाखला मंजुळाबाईच्या पिशवीत आहे. कारकुनाने वर्तणुकीच्या रकान्यात 'बरी' लिहिलं होतं, माझं प्रगतिपुस्तक बघून. मी तो फाडायला लावला आणि दुसरा करून घेतला. 'उत्तम' लिहिलंय. ते खरं आहे.

तुझ्याकडे मागणं एवढंच. शाळेत तिच्या वर्गशिक्षिकेला तू स्वतः भेट आणि सांग, या मुलीने जाऊ का विचारलं की जाऊ द्या. कारण सांगू नकोस. डॉक्टरांनी दिवसाला दोन तांबे पाणी सांगितलंय, पण ती अजून भीतभीत पिते. तिच्यावर नजर ठेवू नकोस, फक्त भरलेला तांब्या तिच्याजवळ राहू दे.

तुला हे सगळं लिहायचं माझ्या मनात नव्हतं. आजारी होती एवढंच लिहून पाठवणार होते. काल मी सुनंदाला म्हटलं, मी अक्काला पत्र देते. ती म्हणाली, "काय लिहिणार?" मी म्हटलं, तू म्हणशील ते. ती म्हणाली, "मग खरं लिहा. नाहीतर त्यांना वाटेल मी नापास झाले म्हणून आले."

म्हणून लिहिलं. पाकीट मी मुद्दाम चिकटवलेलं नाही. वाटेत तिने वाचलं असेल तर वाचू दे. काही कमी लिहिलं असेल तर ती तुला सांगेल, तेव्हा तिचं ऐक. माझी बाजू घेऊ नकोस.

तुझी धाकटी,
जी कुणासाठी उभी राहिली नाही,
प्रमिला