लाव, ऐक, ओढ

आई, तुझा लॅपटॉप पुन्हा चालू झाला. वापरला मी असला तरी तो तुझाच, कारण आणलास तू. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. चिंचवड स्टेशनजवळच्या दुकानातून, कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, साडीच्या पिशवीत घालून, बसमध्ये कुणाचा धक्का लागू नये म्हणून दापोडीपर्यंत मांडीवर धरून आणलास. आणि घरी आल्याबरोबर त्याच्यावर टीव्हीवरचा विणलेला रुमाल टाकलास. तेव्हा आपल्याकडे वायफाय नव्हतं, डोंगल होतं. मी ते खाचेत सारलं, तर तू कान पुढे करून उभी. "याला टिक नाही?" मी हसले. म्हटलं, आई, प्रत्येक गोष्टीला टिक नसते. "मग बसलं हे कळतं कशावरून?" असं म्हणून तू कणीक मळायला गेलीस. तुला जाऊन अकरा वर्षं झाली आणि त्या प्रश्नाचं उत्तर परवाच्या शनिवारी सापडलं. तेही मला नाही, दुसरीलाच.

आधी माझं कौतुक ऐकून घे, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. तुझी मुलगी आता एका आयटी कंपनीत सपोर्टला आहे. म्हणजे लोकांचे लॅपटॉप बिघडले की ते छातीशी धरून माझ्या टेबलापाशी येतात, आणि मी चेहरा बघूनच निम्मा आजार ओळखते. उगाच विनय दाखवत नाही, मला हे काम येतं. साहेब लोकसुद्धा माझ्यासमोर गुपचूप उभे राहतात. राहायला मी रहाटणीत आहे, चौथ्या मजल्यावर, दोन खोल्या, आणि त्यातल्या दिवाणाच्या पोटात तुझा लॅपटॉप इतकी वर्षं रुमालासकट पडून होता. तो बाहेर काढला तुझ्या मैत्रिणीसाठी. तुझ्या वर्कशॉपमध्ये तुझ्या शेजारच्या वायरिंगच्या फळ्यापाशी उभी राहायची ती चाकणकडची मावशी, तीच. गाडीच्या वायरिंगचं तेच काम ती आजही करते, फक्त आता चाकणच्या मोठ्या कंपनीत. केस पांढरे झालेत, आवाज तेवढाच मोठा आहे.

महिन्यापूर्वी मावशीचा फोन आला. तिच्या कंपनीत लाइनवरच्या बायकांतूनच चेकर निवडणार होते. परीक्षा होती, तीही कॉम्प्युटरवर, घरून द्यायची, कॅमेरा चालू ठेवून. नेट दोनदा तुटलं की पेपर आपोआप बंद, पुन्हा संधी नाही. "मोबाइलवर चालत न्हाई म्हणत्यात," मावशी म्हणाली. "आन आमच्या घरात कॉम्प्युटर म्हंजी टीव्हीच की गं. तुझ्याकडं असंल तर बघ. न्हाई तर राहू दे, इतकी वर्सं उभी ऱ्हायले, आनिक ऱ्हाईन." हे 'राहू दे' तिने इतक्या सहज म्हटलं की मला राग आला. चेकर होणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. दिवसभर एका जागी उभं राहून वायरींच्या टोकाच्या पिना कनेक्टरमध्ये भरायच्या नाहीत, दुसऱ्यांनी भरलेल्या ओढून बघायच्या. गुडघे गेलेल्या बाईला ते किती मोठं असतं. माझा लॅपटॉप कंपनीचा, त्यावर असलं काही चालवायला बंदी. मी म्हटलं, मावशी, आईचा लॅपटॉप आहे. मी करते तयार.

आता तो तेरा-चौदा वर्षांचा म्हातारा. त्यातली मूळची सिस्टीम त्याला पेलवेना; चालू व्हायलाच चहा होऊन कप विसळून व्हायचे. मी ती पुसून लिनक्स टाकलं. लिनक्स म्हणजे त्याच कामाची दुसरी सिस्टीम, फुकट मिळते आणि जुन्या यंत्राला जड जात नाही. वीस मिनिटांत म्हातारा टुणटुणीत उठून बसला. फक्त वायफाय दिसेना. त्याच्या पोटात वायफायचं एक छोटं कार्ड असतं, त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, यात नव्हता. म्हणजे वायफायसाठी ड्रायव्हर हवा, आणि ड्रायव्हर उतरवायला वायफाय. केबल लावावी, तर तिची खाच मी डिप्लोमाला असतानाच मोडलेली. पण मी असल्या गोष्टींना घाबरत नाही. माझ्या एका मेलेल्या लॅपटॉपमधलं कार्ड काढलं, तुझ्या लॅपटॉपची पाठ उघडली, जुनं कार्ड काढून नवं बसवलं, सिग्नल पकडणाऱ्या दोन बारीक वायरी होत्या, एक काळी, एक पांढरी, त्यांच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या टोप्या कार्डावर दाबल्या, आणि स्क्रू पिळले. वायफाय दिसलं. मी स्वतःलाच शाबासकी दिली.

शनिवारी पहिली शिफ्ट संपवून मावशी सरळ माझ्याकडे आली, डबा आणि टोपी अजून पिशवीतच. परीक्षा रविवारी अकराला, आज सरावाचा पेपर. मी तिला आतल्या खोलीत टेबलाशी बसवलं. पाचव्या प्रश्नाला नेट गेलं. परत जोडलं, नवव्या प्रश्नाला गेलं, आणि पेपर बंद. मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "माझं कायतरी चुकलं का?" मी म्हटलं, तुमचं काही नाही, हे मी दोन मिनिटांत करते.

दोन मिनिटांचे दोन तास झाले. काळी खिडकी उघडून मी आज्ञांवर आज्ञा टाइप करत होते. वायफायची वीज वाचवायची सवय बंद केली. ड्रायव्हरच्या सेटिंगा बदलल्या. सिस्टीम नवी करून घेतली. बाहेरच्या खोलीतल्या राउटरची वाहिनी बदलली, शेजाऱ्यांची वायफाय मधे येतात म्हणून. नोंदींमध्ये एकच रडगाणं: जोडलं, तुटलं, जोडलं, तुटलं. राउटरच्या शेजारी नेलं की चालायचं, टेबलावर आणलं की मान टाकायचं. मी राउटरला नावं ठेवली, मधल्या भिंतीला ठेवली, बिल्डरला ठेवली. कार्डावर शंका घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण कार्ड मी बसवलं होतं. मोबाइलचं नेट वापरावं म्हटलं, तर आमच्याकडे रेंज फक्त खिडकीबाहेर हात काढला की येते. मावशी दिवाणावर बसून हे सगळं बघत होती. एकदा म्हणाली, "राहू दे गं." दुसऱ्यांदा म्हणाली नाही, नुसती पिशवी जवळ ओढून घेतली.

मग तिने विचारलं, "हे वायरीबिगरच चालतं व्हय?" म्हटलं, हो, म्हणून तर वायफाय. "पर मदी? पोटात वायर आसंलच की." आहेत, दोन आहेत, मी नवीन कार्ड लावलं तेव्हा मीच जोडल्या. मावशी उठून टेबलापाशी आली. "लावल्यावर वढून बघितल्या व्हत्यास का?"

आई, मला तिथल्या तिथे आपलं स्वयंपाकघर दिसलं. मी नववीत आहे, सिलिंडर बदलायचा मान मला पहिल्यांदा मिळालाय, आणि मी रेग्युलेटर दाबून मोठ्या तोऱ्यात उभी आहे. तू ओट्यापाशी कोथिंबीर निवडतेस, मान वर न करता विचारतेस, "ऐकलंस का?" काय? "टिक. नाही ना ऐकलीस? मग बसला असं कसं म्हणतेस?" तू येतेस, रेग्युलेटर धरून वर ओढतेस, आणि तो अलगद तुझ्या हातात येतो. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू तो माझ्या हातात परत देतेस आणि म्हणतेस, "लाव. ऐक. ओढ. यातलं एक जरी राहिलं तरी ते काम झालेलं नसतं." वर्कशॉपमध्ये तुम्ही दिवसभर तेच करायचात, कनेक्टरमध्ये पिन भरायची, टिक ऐकायची, वायर ओढून बघायची. तुझ्या बोटांना त्याची इतकी सवय होती की तू माझी वेणी घातल्यावरही शेवटी एक हिसका द्यायचीस.

मी लॅपटॉप पालथा घातला, पाठ उघडली. काळ्या वायरीला नखाने हलकेच उचलून बघितलं, ती घट्ट. पांढरीला नख लागायच्या आधीच ती बाजूला झाली. टोपी कार्डावर नुसती टेकलेली होती, बसलेली नव्हतीच. मावशीने चष्मा पुढे घेतला आणि इतकी हसली की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. "कॉम्प्युटरची मास्तरीण!" मी ती टोपी नीट मध्यावर धरून दाबली. टिक आली, आई. मुंगीच्या पावलाएवढी, पण आली. सिग्नलचा आकडा एकदम सुधारला, टेबलावरसुद्धा. दोन तास मी ज्याला त्याला दोष देत होते, आणि दोष माझ्या बोटाखाली होता.

रविवारी अकराला मावशी टेबलाशी बसली, इस्त्रीची साडी, कपाळावर घाम. कॅमेऱ्यात दुसरं माणूस दिसायला नको म्हणून मी बाहेरच्या खोलीतल्या ओट्यापाशी, राउटरच्या दिव्याकडे बघत. चाळीस मिनिटं मी साधं भांडंसुद्धा वाजवलं नाही. नेट एकदाही तुटलं नाही. बाहेर आल्यावर मावशी म्हणाली, "चार फोटू दाखवलं, आन कंची पिन बसली न्हाई ते वळखा म्हनत्यात. ह्यात काय परीक्षा?" गुरुवारी कंपनीने तिला कळवलं, चेकर झाली.

मी दहावीत असताना तूही चेकर होणार होतीस, ते मला आठवत होतंच. तुझं नाव सगळ्यांनी धरलेलं होतं. त्याच सुमाराला मोठी ऑर्डर निघाली, आणि कनेक्टरच्या पिशव्या तुम्ही घरी आणायला लागलात. रविवारी आपल्या स्वयंपाकघरात परातीत पांढऱ्या कनेक्टरचा ढीग, तू भिंतीला टेकून बसलेली, मी तुझ्यासमोर. प्रत्येकीच्या बंडलाला ओळखीचा दोरा असायचा, तुझा हिरवा. आठवड्याने माल परत आला. तू घरी आलीस, मोरीत हात धुता धुता बाबांना सांगितलंस, "दोन पिना बाहेर आल्या म्हणे. हिरव्या दोऱ्याच्या." बाबा म्हणाले, मग चेकरचं? "दुसरीला दिलं." तू टॉवेलला हात पुसलेस आणि भात टाकलास. मी अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. त्यानंतर पिशवी घरी आली तरी तू मला परातीसमोर बसू दिलं नाहीस, म्हणायचीस, तू अभ्यास कर. आणि पुढे हा लॅपटॉप आणलास.

काल मावशी आली, चेकरची नव्या रंगाची टोपी दाखवायला. मी तिच्यापुढे चहा ठेवला होता. टोपी हातात फिरवत म्हणाली, "ही आधी तुझ्या आईच्या डोक्यावं यायची. त्या दोन पिनांनी घात केला तिचा. पर मला आजून पटत न्हाई बघ. तिच्या हातून पिन सुटायची न्हाई." मी तिला विचारलं, चहात साखर बरी आहे ना?

पुढच्या रविवारी लॅपटॉप तिच्या घरी जाईल. तिच्या हातात तो शोभेल. हे मी त्याच्यावरच लिहितेय, वायफाय बंद करून, आणि तो द्यायच्या आधी पुसून टाकणार आहे. पुसण्याआधी एकदा तुला सांगून ठेवते. मोठ्या ऑर्डरच्या त्या रविवारी नळाला पाणी आलं म्हणून तू परातीपासून उठलीस आणि म्हणालीस, शेवटचे पंधरा तू भर. गॅदरिंगच्या नाचाच्या प्रॅक्टिसला पाचला पोहोचायचं होतं. मी भराभर पिना भरल्या, एकही ओढली नाही, हिरवा दोरा बांधला आणि पळाले. घाईत टिक ऐकायची राहून गेली, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही, आई. मी ऐकत होते. दोनदा टिक आली नाही, आणि आली नाही हे मला तेव्हाच कळलं होतं.