निर्दोष सोडावे, ही विनंती

हॅम्बुर्ग, १४ नोव्हेंबर

प्रिय गेशे,

कशी आहेस? मी बरी आहे. पत्र घरी न पाठवता तुझ्या बालवाडीच्या पत्त्यावर पाठवते आहे, थेट तुझ्या हातात पडावं म्हणून. आईच्या गुडघ्याचं कळलं. तुझ्या टोर्बेननं तिला डॉक्टरकडे नेलं, परत आल्यावर कोबी आणि सॉसेज गरम करून वाढलं, हे ती फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होती. "असा जावई दिवा घेऊन शोधलास तरी मिळायचा नाही," म्हणे.

माझं म्हणशील तर नोकरी अजून अंगवळणी पडायची आहे. सरकारी वकील म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढे काय काय येतं. खरं काम असं, की दुसऱ्याच कुणी तयार केलेल्या फायलींचा गठ्ठा काखेत मारायचा, काळा झगा चढवायचा आणि कोर्टात उभं राहायचं. चोऱ्या, मारामाऱ्या, दारू पिऊन गाडी ठोकणारे. झगा मला लांब होतो, खाली टाचण्या लावून दुमडलाय. माझ्या खोलीत कोल्बे म्हणून निवृत्तीला आलेले गृहस्थ बसतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "पोरी, इथे आवाज चढवून काही होत नाही. वेळेवर जेवत जा."

मंगळवारचं सांगू की नको, असं चाललंय मनात. सांगते.

नवऱ्यानं बायकोला मारल्याचा खटला होता. नावं लिहीत नाही, नियम आहे. तिच्या जबड्याचा फोटो माझ्या फायलीत होता. तिनं पोलिसांना सगळं सांगितलं होतं, अगदी शेगडीवर काय होतं इथपर्यंत. मी रात्र रात्र ती फाइल वाचली होती. हा माणूस आज सुटत नाही, असं मनाशी म्हणत कोर्टात गेले.

ती साक्षीला येऊन बसली. न्यायाधीशबाईंनी तिला समजावलं, "तुम्ही त्यांच्या पत्नी आहात. त्यांच्याविरुद्ध साक्ष न देण्याचा तुम्हाला हक्क आहे. बोलायचं आहे का?"

"नाही," ती म्हणाली.

झालं. तिनं तोंड मिटलं की आधी पोलिसांना सांगितलेलंही धरता येत नाही. शेजाऱ्यांनी आदळआपट ऐकली होती, पण भिंतीपलीकडून हात कुणाचा ते दिसत नाही. मग मला उठून उभं राहावं लागलं. "पुराव्याअभावी आरोपीला निर्दोष सोडावं, ही विनंती." हे मीच म्हणायचं असतं, गेशे. त्याचा वकील नंतर बोलतो. मी म्हटलं. तो माणूस माझ्याकडे बघून किंचित झुकला, जसं काही मी त्याला दुकानात दार उघडून दिलं होतं.

बाहेर मी तिच्यामागे धावले. आश्रयगृहाचा नंबर आहे, कुणाला काही कळणार नाही, असलं काहीतरी बोलत सुटले. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही सगळ्याच फार छान विचारता हो. पोलीसबाई, डॉक्टरीणबाई, आता तुम्ही. पण सगळ्यांना सांगून झालं की घरी मलाच जायचं असतं." तेवढ्यात तो तिचा कोट घेऊन आला. त्यानं कोट धरला, तिनं हात घातले.

कोल्बेंनी मला त्यांचा अर्धा पाव दिला. तो मी खाल्ला नाही.

एक गोष्ट राहिली. त्यासाठीच लिहायला बसले आहे आणि पानभर दुसरंच लिहिलं. खटला चालू असताना त्या माणसानं बोलायची परवानगी मागायला हात वर केला. नुसता वर केला. आणि साक्षीच्या खुर्चीत तिनं मान खाली घालून दोन्ही हातांनी डोकं झाकलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी ते आधी पाहिलं होतं.

ऑगस्टमध्ये टोर्बेन माझं सामान घेऊन आला होता. "जपून बोला रे, सरकारी वकीलीणबाई आल्यात," म्हणत होता आणि आपण हसत होतो. मग व्हॅनचं मागचं दार ओढून घ्यायला त्यानं हात वर केला. तू तेव्हा काय केलंस, ते तुला माहीत आहे. "काय गं, डास का?" त्यानं विचारलं. तू म्हणालीस, "हो, डास."

मी चुकत असेन तर फोन करून मला वाट्टेल ते बोल. चुकत असू दे मी.

टोर्बेन तुला मारतो का? उत्तर लिही. एका शब्दात लिही, पण लिही.

तुझ्या अक्षराची वाट बघत,
वीबके


आईच्या स्वयंपाकघरातून, २९ नोव्हेंबर

गेशे,

माझं पत्र तुझ्यापर्यंत पोहोचलंच नाही, हे मला टोर्बेनकडून कळलं. तुला न्यायला आला तेव्हा बालवाडीतल्या कुणी तरी भाबडेपणानं त्याच्याच हातात दिलं. परवा त्याचा फोन आला. आवाज अजिबात चढला नव्हता. "छान लिहितेस गं," म्हणाला. "एका शब्दात उत्तर मागितलंस, म्हणून मीच देतो. नाही." मी म्हटलं, गेशेला फोन दे. म्हणाला, "ती झोपलीय." ऐन जेवणाची वेळ होती.

मी कोल्बेंना सांगितलं. "तुला तक्रार करता येईल," ते म्हणाले. "मग तुझ्या बहिणीला त्याच खुर्चीत बसवतील आणि तीही नाही म्हणेल. उठून काय म्हणायचं असतं, ते तुला पाठच आहे." मग विचारलं, "गाडी आहे का तुझ्याकडे?" मी नाही म्हटलं, तर त्यांनी स्वतःची किल्ली टेबलावर ठेवली.

आज इथे आले आणि आईला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. मला वाटलं, आता मला झापेल. ती म्हणाली, "मागच्या हिवाळ्यात गेशे बिनकोटाची आली होती माझ्याकडे. त्या बर्फात. मी टोर्बेनला फोन केला. ये आणि घेऊन जा तिला, म्हटलं. मीच बोलावलं गं त्याला." आणि सुरी तशीच टाकून कोट आणायला गेली. गुडघा एवढा सुजलाय, पण मला बालवाडीत जाऊ देत नाही, हे पत्र घेऊन स्वतःच येते म्हणते. "तुला बघितलं की लगेच बोभाटा होईल. म्हातारी लेकीला मफलर द्यायला आली, तर कोण बघतंय?"

मी बालवाडीच्या मागच्या फाटकाशी थांबते. कोल्बेंची गाडी हिरवी आहे.

न मिळालेल्या त्या पत्रात मी विचारलं होतं, टोर्बेन तुला मारतो का. आता मला उत्तर नको. दिवसभर मी लोकांना प्रश्नच विचारत असते, तुला एकही विचारणार नाही. काय झालं, कधीपासून, का सांगितलं नाहीस, यातलं काहीच नाही. तू बोललीस तर ऐकेन. वर्षभर बोलली नाहीस तर वर्षभर तुझ्यासमोर गप्प बसून जेवेन. उद्या तुला परत जावंसं वाटलं, तरी दाराला आड येणार नाही. फक्त आज ये. मला कायद्यातलं जे काही येत होतं, ते करून झालं, आणि ते काही कामाचं निघालं नाही. आता नुसती विनवणीच उरलीय. तुझ्या पाया पडते, ये गं.

आई कोट घालून दाराशी उभी आहे. थांबते.

वीबके


वीबके,

कागद नाही, म्हणून एका पोराच्या चित्रामागे लिहिते आहे. आईला लहानांच्या खुर्चीवर बसवलंय, ती ओठ दाबून रडतेय. चिठ्ठी तिच्याकडेच देते.

आत्ता सगळी मुलं झोपलीत आणि खोलीत मी एकटीच आहे. त्यांना टाकून उठता येत नाही. दुसरी बाई जेवून आली की निघते. त्याला यायला अजून अवकाश आहे. घरून काही आणायचं नाही, अंगावरच्या कपड्यांनिशी येते.

गाडी चालू ठेवू नकोस, मुलं उठतील.

आणि फाटक ढकलू नकोस. कडी आतून आहे. मी काढेन.

गेशे