दिलगिरीचं तिसरं प्रूफ

४ नोव्हेंबर
दादाशी भांडून तीन आठवडे झाले. चूक माझी. त्याच्या भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, कोटाची डावी बाही लांब शिवलीस, हात थरथरतात तर शिवणकाम सोड आता. घरी बायकोने टेप लावून दाखवलं. बाह्या सारख्याच. माझाच डावा खांदा उतरलाय. तीस वर्षं टेबलावर वाकून प्रूफं तपासून दुसरं काय होणार! उद्या माफीचं पत्र लिहून टाकायचं. दहा मिनिटांचं काम.

६ नोव्हेंबर
वहिनीचा फोन. दादा दुकान बंद करून ३० तारखेला कायमचा मुलाकडे चाललाय. म्हणजे भरपूर वेळ आहे. घाईघाईत मागितलेली माफी खरी वाटत नाही. भारी कागद आणला.

११ नोव्हेंबर, सकाळी ७
कागदाला शोभेल असं पेन नाही. टेबल आवरलं. खण आवरला. बायकोचाही आवरला. ती चिडली.

१५ नोव्हेंबर
ऑफिसात चालढकलीवरच्या पुस्तकाची प्रूफं आली. माणूस म्हणे आळसाने काम टाळत नाही, त्या कामाने पोटात जो गोळा येतो तो टाळतो. काय एकेक लोक असतात! कीव आली. पुस्तक संपवूनच पत्राला बसावं.

२१ नोव्हेंबर
पत्र लिहिलं! चार ओळी. बायको म्हणाली, आण इकडे, आत्ता देऊन येते. वेडी आहे. तिसऱ्या प्रूफाशिवाय मी आजवर काही हातावेगळं केलेलं नाही.

२६ नोव्हेंबर
दुसरं प्रूफ. 'माझं चुकलं' फारच उघडंबोडकं वाटलं. 'गैरसमज झाला असावा' केलं. बायको म्हणाली, आता भाऊजींनीच माफी मागायला हवी असं वाटतंय. म्हणजे भाषा जमली.

३० नोव्हेंबर, दुपारी
दादा स्वतःच आला. टॅक्सी दारात उभी. म्हणाला, कोट आण, डाव्या खांद्यात पॅड घालायचं राहिलंय. माझ्याच खुर्चीत बसून टाके घातले. हात खरंच थरथरत होते. बायकोने कोपराने ढोसलं. दोन शब्द तर बोलायचे होते.

तिसरं प्रूफ आणायला आत गेलो. एक स्वल्पविराम खटकला. बाहेर आलो तर टॅक्सी गेलेली.

बायको बोलत नाहीये. पत्र मात्र आता निर्दोष आहे. 'माझं चुकलं' परत घातलंय. उद्या सकाळी पहिलं काम, पोस्टात टाकायचं. दादाचा नवा पत्ता तेवढा विचारायचा राहिला.