चौदा नंबरचा बिल्ला

सोमवार, ६ मार्च

अन्याय झाला तो आज दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी. वेळ आधी लिहून ठेवते. आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, तक्रार करायची तर आधी घड्याळ बघा, मग तोंड उघडा.

बाकी दिवस झकास गेला. खोली स्वच्छ, खिडकी मोठी. समोर रस्ता, पलीकडे कुंपण आणि कुंपणामागे त्या टेकड्या: राखाडी, पांढऱ्या, मधेच तांबूस पट्टे, गवताची काडी नाही. त्यांच्या पोटात कोट्यवधी वर्षांपूर्वीची हाडं आहेत. आमच्या ह्यांनी जन्मभर त्यांची कात्रणं जमवली आणि ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणता म्हणता गेल्या वर्षी मला सोडून गेले. म्हणून मी आले, त्यांची टोपी घेऊन. शनिवारी भाची येईल, मग दोघी आत जाऊ. तोवर नकाशा, पाणी, बूट अशी तयारी. घरमालकीणबाई बोलक्या आहेत. आल्या आल्या माझं वय, पेन्शन आणि गुडघे या तिन्हींची चौकशी झाली.

तर अन्याय. या टेकड्यांचं उद्यान केलंय, आत जाणाऱ्याला पितळी बिल्ला मिळतो. शिरताना तो ‘आत’ लिहिलेल्या फळीवर टांगतात, परतल्यावर ज्याचा त्याने काढायचा. मी शनिवारसाठी नाव नोंदवलं, तर फाटकवाल्याने माझा चौदा नंबर आजच टांगून टाकला. शनिवारी गर्दी असते म्हणे, तेवढंच काम हलकं. मी सांगितलं, मी जन्मभर ग्रंथपाल होते. पुस्तक कपाटात असताना ते बाहेर गेल्याची नोंद मी कुणाच्या बापाला करू दिली नाही. तो हसला. म्हणाला, बाई, खिळ्याला काय कळतंय?

मंगळवार, ७ मार्च

सकाळ नकाशात गेली. ह्यांच्या कात्रणातली मोठी कवटी सोप्या वाटेवरच आहे. तिच्याशेजारी टोपी ठेवून फोटो काढायचा.

संध्याकाळी उद्यान बंद होताना भोंगा वाजतो. आज तो थांबेचना. मालकीणबाई म्हणाल्या, फळीवर बिल्ला दुसऱ्या संध्याकाळीही राहिला की वाजवत राहतात, कुणीतरी आत अडकलंय.

मी चपला अडकवून तरातरा फाटकावर गेले. म्हटलं, अहो, तुमच्या नाकासमोर उभी आहे मी, काढा तो बिल्ला. म्हणाला, एकदा टांगला की आम्हाला हात लावता येत नाही, आतून येईल त्यानेच काढायचा. मग मीच हात घातला. निघेना. पितळ खिळ्याशी एकजीव झालं होतं. फाटकवाला माझ्याकडे नाही, टेकड्यांकडे बघून बोलत होता. आणि आज हसत नव्हता.

बुधवार, ८ मार्च

सकाळी चहा आला नाही. विचारलं तर मालकीणबाई दचकल्या. म्हणाल्या, तुम्ही टेकड्यांत गेलात ना? म्हटलं, डोळे तपासून घ्या.

दुपारी टेबलावर माझं ताट नव्हतं. मागितलं. पुन्हा मागितलं. त्या शेजारच्या पाहुण्याला वाढत राहिल्या. मी उपाशी उठले, आणि उठलेलंही कुणाला कळलं नाही.

बूट नवे, खोक्यातून काढलेलेसुद्धा नव्हते. आता पाहिले. तळांना ओली पांढरी माती.

गुरुवार, ९ मार्च

भाचीचा फोन. उद्यानातून तिला कळवलंय, मावशी आत गेल्या, परतल्या नाहीत. मी ओरडले, अगं, पलंगावर बसलेय मी! ती आपली म्हणत राहिली, मावशी, वारा फार आहे, काही ऐकू येत नाही, आहेस तिथेच थांब.

खिडकी बंद होती.

खिडकीतून रस्ता दिसत नाही. कुंपणही नाही. टेकड्या काचेला टेकल्यात.

दार उघडलं. जिना नाही — माती.

शुक्रवार, १० मार्च

भाची आली. पलंगाच्या कडेला बसून रडली. मी तिच्या गालाला हात लावला, तिने धूळ पुसली.

मालकीणबाई तिला सांगत होत्या, फटकळ होत्या पण मनाच्या चांगल्या. होत्या! मी इथे —

ह्यांची टोपी तिने पिशवीत भरली. ती तरी ठेव गं —

दोघी गेल्या. त्यांना दाराबाहेर जिना होता. मी मागोमाग धावले, तर —

शुक्रवार, नंतर

भिंतींवर पट्टे. राखाडी, पांढरा, तांबूस. छत खाली येतंय.

हाका मारल्या. भाचीला. मग ह्यांनाही. वाटलं होतं, निदान ते तरी — नाहीत. इथे कुणीच नाही.

भोंगा वाजतोय. फार वर, कुठेतरी.

कागद कडक झालाय. पेन उमटत नाही, टोकाने कोरतेय.

उद्यानप्रमुखांस — माझा बिल्ला, क्रमांक चौदा, मी बाहेर असताना टांगला गेला. चूक तुमची. तोंडी उत्तर चालणार नाही. उद्या, शनिवारी, संध्याकाळी पाचपूर्वी मला लेखी कळवा की मी बाहेर आ